गणित सोडवायला शिकवता येतं का? मिनेसोटा विद्यापीठातलं एक प्रकरण

"थिअरी सगळी कळते, फक्त न्यूमरिकल सुटत नाहीत." भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं. त्यावर आपलं ठरलेलं उत्तरही असतं: अजून गणितं सोडव. पन्नास सोडवून झाली असतील तर शंभर. सराव केला की जमतं, असं आपण मानतो, कारण आपलं स्वतःचं तसंच जमलं होतं. ज्यांचं तसं जमलं नाही, ते शिक्षक झालेच नाहीत, त्यामुळे त्यांचं मत वर्गात कधी पोचत नाही.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९८०च्या दशकाच्या अखेरीस हीच तक्रार ऐकणाऱ्या काही जणांनी उलटा प्रश्न विचारला. गणित सोडवण्याची रीतच विद्यार्थ्यांना उघडपणे शिकवली तर? पॅट्रिशिया हेलर, रोनाल्ड कीथ आणि स्कॉट अँडरसन यांनी त्या प्रयोगाचा वृत्तांत १९९२ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये छापला. त्याच अंकात हेलर आणि मार्क हॉलबॉ यांचा दुसरा भागही आला. भौतिकशास्त्राच्या अध्यापनावरच्या लिखाणात या दोन लेखांचा दाखला आजही दिला जातो. मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं ते त्यातल्या यशामुळे नाही, तर ते यश नेमकं कशाचं होतं हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही म्हणून.

आधी थोडी पार्श्वभूमी. गणित सोडवण्याच्या पायऱ्या सांगणं नवं नव्हतं. गणितज्ञ पोल्या यांनी १९४५ मध्येच चार पायऱ्या मांडल्या होत्या: प्रश्न समजून घ्या, बेत करा, बेत अमलात आणा, मागे वळून पाहा. १९८०च्या आसपास जिल लार्किन, हर्बर्ट सायमन वगैरे संशोधकांनी जाणकार आणि नवखे यांची गणितं सोडवण्याची पद्धत शेजारी ठेवून तपासली. नवखा जे काढायचंय तिथून सुरुवात करतो, ती राशी असलेलं सूत्र शोधतो, त्यात जे माहीत नाही त्यासाठी पुन्हा सूत्र शोधतो. जाणकार आधी परिस्थिती मांडतो आणि मग दिलेल्या माहितीकडून उत्तराकडे जातो. १९८१ मध्ये ची, फेल्टोविच आणि ग्लेसर या संशोधकांनी आठ पीएचडीचे विद्यार्थी आणि आठ पदवीचे विद्यार्थी घेतले आणि चोवीस गणितं त्यांना गटांत लावायला सांगितली. पदवीच्या मुलांनी 'उताराची गणितं', 'स्प्रिंगची गणितं' असे ढीग केले. पीएचडीवाल्यांनी 'ऊर्जेची अक्षय्यता', 'न्यूटनचा दुसरा नियम' असे केले. ढीग लावताना कोणी एकही समीकरण सोडवलं नव्हतं, तरी फरक दिसला.

यातून निघणारा सोपा निष्कर्ष असा की जाणकाराची रीत पायऱ्यांमध्ये मांडा आणि नवख्याला द्या. मिनेसोटाच्या लोकांनी तेच केलं. पायऱ्या पाच. प्रश्नाचं चित्र डोळ्यांसमोर आणा आणि कागदावर काढा. मग तेच चित्र भौतिकशास्त्राच्या भाषेत मांडा: बलं, वेग, अक्ष, चिन्हं, सुरुवातीची आणि शेवटची स्थिती. तिसरी पायरी आराखड्याची. कोणतं तत्त्व लावणार, त्यातून किती समीकरणं मिळतात, अज्ञात राशी किती, गणित सुटण्याजोगं आहे का, हे आकडे घालण्याआधी ठरवा. चौथी आकडेमोड. पाचवी तपासणी: एकक बरोबर आहे का, उत्तर पटण्यासारखं आहे का, विचारलं होतं त्याचंच उत्तर दिलंय का.

कागदावर हे निर्विवाद वाटतं. वर्गात घोडं अडलं.

नेहमीच्या पुस्तकातलं गणित दिलं की मुलांना पायऱ्या म्हणजे कटकट वाटायची. सूत्र एका ओळीत मिळत असेल तर चित्र काढून, अक्ष ठरवून, आराखडा लिहून कोण वेळ घालवणार? म्हणून अवघड गणित दिलं, तर पायऱ्या नव्या असल्यामुळे नीट वापरता येत नव्हत्या. मग मुलं पुन्हा जुन्या सवयीवर, म्हणजे सूत्र शोधण्यावर. गटात बसवलं तरी पुस्तकी गणितावरची चर्चा 'कुठलं सूत्र लावायचं रे' याभोवतीच फिरायची. इथे कोणते नियम लागू होतात आणि का, यावर बोलणं होईना. दुसऱ्या भागात हे सगळं मोकळेपणाने लिहिलंय, आणि माझ्या मते दोन्ही लेखांतला सर्वांत उपयोगी मजकूर तोच आहे. रीत शिकवायची तर रीत लागेल असंच गणित हवं. तसं गणित बाजारात नव्हतं, म्हणून त्यांनी ते बनवलं.

त्यांनी त्याला संदर्भसमृद्ध गणित म्हटलं. त्यात 'तुम्ही' हे पात्र असतं आणि काहीतरी काढण्याचं कारण असतं. वस्तू खऱ्या असतात, 'm वस्तुमानाचा ठोकळा' नसतो. आकृती दिलेली नसते. काय काढायचं ते अनेकदा थेट सांगितलेलं नसतं. कधी नको ती माहिती असते, कधी हवी ती नसते आणि अंदाज करावा लागतो. त्या साच्यात मी एक गणित रचून बघतो. मिनेसोटातलं म्हणून हिवाळ्यातलंच.

आधी पुस्तकी रूप. '३० किग्रॅ वस्तुमानाचा ठोकळा १० मी लांब व १ मी उंच उताराच्या तळापासून वर ढकलला. घर्षणांक ०.१ असल्यास तो माथ्यापर्यंत पोचण्यासाठी सुरुवातीचा किमान वेग काढा.'

आता दुसरं रूप. 'जानेवारी आहे. तुम्ही मैत्रिणीला घर बदलायला मदत करताय. रस्त्यापासून तिच्या गॅरेजपर्यंतचा १० मीटरचा पट्टा एकूण १ मीटर चढतो आणि त्यावर दाबून घट्ट झालेला बर्फ आहे. पुस्तकांची खोकी रचलेली घसरगाडी ३० किलोची आहे. मैत्रीण म्हणते, "वर ओढत कशाला नेतोस? खालूनच पळत येऊन एक जोरात धक्का दे, जाईल गॅरेजपर्यंत." गाडी आणि बर्फ यांच्यातला घर्षणांक ०.१ धरा. तिचं ऐकाल का?'

भौतिकशास्त्र दोन्हींत तेच आहे. पण दुसऱ्यात 'काढा' असं काही नाही. ऐकायचं की नाही हे ठरवायला काय काढावं लागेल, हे ठरवणं हाच पहिला टप्पा. वरपर्यंत जायला लागणारा वेग काढायचा आणि माणूस तेवढ्या वेगाने धक्का देऊ शकतो का ते बघायचं, हे सुचायला चित्र लागतं.

दुसऱ्या पायरीवर खरी गंमत होते. अर्ध्या उतारावर असलेल्या गाडीवरची बलं दाखवा म्हटलं की बरीच मुलं चार बाण काढतात: वजन, लंब प्रतिक्रिया, घर्षण आणि वरच्या दिशेने 'धक्क्याचं बल'. हात तर तळाशीच सुटलाय. तरी गाडी वर जातेय म्हणजे वर नेणारं काहीतरी बल असणारच, ही समजूत न्यूटनच्या आधीची आहे आणि न्यूटनचे तिन्ही नियम तोंडपाठ असलेल्या मुलातही ती सुखाने नांदते. पुस्तकी गणितात ती कधी पकडली जात नाही, कारण तिथे v² = u² + 2as मध्ये आकडे घातले की उत्तर येतं आणि बाण काढावाच लागत नाही. पायऱ्यांचा एक मोठा फायदा मला हाच दिसतो: चूक डोक्यातून कागदावर येते आणि कोणीतरी तिच्याकडे बोट दाखवू शकतं.

पुढचं सरळ आहे. तळाशी असलेली गतिज ऊर्जा दोन ठिकाणी खर्च होते, उंची चढण्यात आणि घर्षणात. उतार इतका कमी आहे की त्याच्या कोनाचा कोज्या (cos) १ धरला तरी चालतं. प्रत्येक किलोमागे चढण्यात ९.८ × १ = ९.८ जूल आणि घर्षणात ०.१ × ९.८ × १० म्हणजे पुन्हा ९.८ जूल. वस्तुमान दोन्हीकडून जातं, ३० किलो हा आकडा निव्वळ भुलवायला होता. वेगाचा वर्ग ३९.२, वेग सेकंदाला साधारण ६.३ मीटर. सूत्रवाला विद्यार्थी इथे उत्तराखाली दोन रेघा मारतो. पाचवी पायरी मात्र विचारते की ६.३ म्हणजे किती. तासाला साडेबावीस किलोमीटरच्या आसपास. बर्फावर, बूट घालून, ३० किलो ढकलत. घर्षण शून्य धरलं तरी तासाला १६ किलोमीटर लागतील. मैत्रिणीचं ऐकू नये. दोरी बांधून ओढावी.

असं गणित एकट्याला पहिल्या महिन्यात झेपत नाही, म्हणून गट. व्याख्यानात प्राध्यापक तीच रीत वापरून गणित सोडवून दाखवत. मग लहान तुकड्यांच्या तासाला मुलं गटात बसून एक गणित सोडवत, आणि प्रयोगशाळेतही तेच गट. दोघांत एकजण सांगतो आणि दुसरा लिहितो. चौघांत एकजण मागे सरकून बसतो. तिघांचा गट सर्वांत बरा चालला. तिघांना कामं वाटून दिलेली. एक व्यवस्थापक, घड्याळ आणि पायऱ्यांवर लक्ष ठेवणारा. एक लिहिणारा आणि तपासणारा. आणि एक शंकेखोर, ज्याने प्रत्येक निर्णयाला 'असंच का? दुसरं काही लागू होईल का?' विचारायचंच. ही कामं फिरती असत.

शंकेखोराचं पद मला फार आवडतं. आपल्या वर्गात शंका विचारणं म्हणजे 'मला येत नाही' अशी कबुली असते. इथे ते नेमून दिलेलं काम आहे, न विचारणाऱ्याची ड्युटी चुकते.

गट मुलांना निवडू देत नसत. हुशार, मध्यम आणि कच्चे असे मिसळून शिक्षक लावत, आणि अशा मिश्र गटांचं काम फक्त हुशारांच्या गटांइतकंच चांगलं निघालं. आणखी एक निरीक्षण आजही कोणी गट करणार असेल तर लक्षात ठेवावं असं आहे. दोन मुलगे आणि एक मुलगी अशा गटात मुलग्यांचीच चाले, गटात सर्वांत हुशार ती मुलगी असली तरीही. तिचं बरोबर असलेलं म्हणणं बाजूला पडायचं. म्हणून त्यांनी तसे गट करणं टाळलं. दोन मुली आणि एक मुलगा, किंवा सगळे मुलगे, सगळ्या मुली, यात तो त्रास नव्हता.

आणि परीक्षा. इथे या लोकांचं शहाणपण दिसतं. परीक्षेचा एक भाग गटाने मिळून सोडवायचा, बाकी ज्याचं त्याने, आणि दोन्हीकडे याच धर्तीची गणितं. गुण इतरांच्या तुलनेत वर-खाली करून द्यायचे नाहीत, म्हणजे शेजाऱ्याला मदत केली म्हणून आपली श्रेणी घसरत नाही. सूत्रं पाठ करायची गरज नाही, पण छापून दिलेल्या यादीत फक्त मूलभूत नियम. प्रत्येक विशेष परिस्थितीचं तयार सूत्र त्यात नाही. एकदा सूत्रांचं कपाट रिकामं केलं की मुलाला तत्त्वापासूनच सुरुवात करावी लागते.

मोजमाप कसं केलं? फक्त अंतिम उत्तर बघून नाही. प्रत्येक उत्तरपत्रिकेत संकल्पना समजल्याचा पुरावा, मांडणीची उपयुक्तता, समीकरणं त्या मांडणीशी जुळतात का, आराखडा, क्रमातली सुसंगती आणि गणिती अचूकता असे सहा पैलू तपासले. गटाचं उत्तर त्याच गटातल्या सर्वांत हुशार सदस्याने तेवढ्याच अवघड गणितासाठी एकट्याने लिहिलेल्या उत्तरापेक्षा चांगलं निघालं. म्हणजे हुशाराने सोडवलं आणि बाकीच्यांनी उतरवून घेतलं, असं झालं नव्हतं. काळ जाईल तशी एकट्याने सोडवलेली गणितंही सुधारत गेली आणि ही सुधारणा हुशार, मध्यम, कच्चे अशा तिन्ही थरांत दिसली.

मग उत्तर 'हो' असं लिहून मोकळं व्हावं का?

अडचण अशी की मिनेसोटाच्या मुलांना एकाच वेळी बऱ्याच गोष्टी मिळाल्या होत्या. पायऱ्या, नवी गणितं, नेमलेली कामं असलेले गट, वेगळी परीक्षा, वेगळं गुणदान, आखूड केलेली सूत्रयादी. सुधारणा यातल्या कशाची? पायऱ्या काढून बाकी सगळं ठेवलं असतं तर? बाकी सगळं काढून फक्त पायऱ्या शिकवल्या असत्या तर?

दुसऱ्या प्रश्नाच्या जवळ जाणारा एक प्रयोग डग्लस हफमन यांनी केला, तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेतले भौतिकशास्त्राचे आठ वर्ग, १४५ विद्यार्थी. चिठ्ठ्या टाकल्यासारखे वर्ग वाटले. चार वर्गांना अशी उघड, सविस्तर रीत शिकवली, चार वर्गांना पाठ्यपुस्तकातली रीत. निकाल वाचताना उत्साह थोडा उतरतो. सविस्तर रीत शिकलेल्यांची भौतिकशास्त्रीय मांडणी, म्हणजे आकृत्या, बलं, स्थिती यांचं वर्णन, अधिक चांगली आणि अधिक पूर्ण झाली. पण समीकरणं त्या मांडणीशी जुळण्यात, उत्तराच्या रचनेत आणि आकडेमोडीत दोन्ही पद्धतींत फरक पडला नाही. संकल्पना किती समजल्या यातही एकूण फरक नव्हता. फक्त मुलींना सविस्तर रीत जास्त मानवली आणि मुलग्यांना पाठ्यपुस्तकी, असा कल दिसला. दोन मुलग्यांमध्ये एकटी पडलेली मुलगी आठवून याचं कारण जुळवायचा मोह होतो, पण तेवढ्यावरून ते जुळवू नये.

दोन्ही निकाल एकत्र ठेवले की माझं मत असं बनतं. पायऱ्या शिकवल्याने मुलं आकृत्या चांगल्या काढू लागतात, हे नक्की. त्या आकृतीवर विचार करतात की नाही, हे पायऱ्या ठरवत नाहीत. ते ठरतं गणित कसं आहे, शेजारी कोण प्रश्न विचारतोय आणि पेपरात गुण कशाला आहेत यावर. मिनेसोटात बलांचा आराखडा चुकला की गणितच पुढे सरकत नसे आणि शंकेखोर अडवायला बसलेला असे. जिथे आकृती काढून झाल्यावरही सूत्राने उत्तर मिळतं, तिथे आकृती हा नैवेद्य होतो. दाखवायचा आणि बाजूला ठेवायचा.

महाराष्ट्रात वाढलेल्या वाचकाला हे सांगायलाच नको. आपल्याकडे पायऱ्या शाळेपासून आहेतच: दिलेले, शोधायचे, सूत्र, आकडेमोड, उत्तर एककासह. सूत्राला गुण, किंमती घातल्याला गुण, उत्तराला गुण. ही रीतसुद्धा उघडपणे शिकवलेलीच आहे आणि मुलं ती इमानाने पाळतात. पण ती नेमकी नवख्याची रीत आहे. 'दिलेले'वरून थेट 'सूत्र'वर उडी, मधली चित्राची आणि तत्त्वाची जागा कोरी. पुढे बारावीला क्लासमध्ये हेच काम वेगाने करायला शिकवतात.

वेगाचं पुढे काय होतं त्याचा अंदाज दक्षिण कोरियातून येतो. युन्सुक किम आणि सुंग-जे पाक यांनी २००२ मध्ये अशा विद्यार्थ्यांचा अभ्यास छापला, ज्यांनी आधी ३०० ते २९०० पुस्तकी गणितं सोडवली होती, सरासरी सुमारे १५००. सूत्रं आणि गणित यात त्यांना फारशी अडचण नव्हती. यांत्रिकीतल्या मूलभूत गैरसमजुती मात्र तशाच होत्या, आणि किती गणितं सोडवली याचा समज किती पक्की याच्याशी फारसा संबंध आढळला नाही. उतारावरच्या गाडीला 'धक्क्याचं बल' दाखवणारा बाण हजार गणितांनंतरही जागेवर राहू शकतो.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात लेनर्ड, ड्यूफ्रेन आणि मेस्त्रे यांनी वापरलेली युक्ती मिनेसोटाचा डोलारा आणि नुसता सराव या दोन टोकांच्या मधली आहे (१९९६). गणित सोडवण्याआधी तीन गोष्टी साध्या वाक्यांत लिहायच्या: कोणतं तत्त्व, ते इथे का लागू होतं, आणि ते कसं वापरणार. एकही आकडा नाही. असं लिहायची सवय लागलेली मुलं गणितं तत्त्वानुसार ओळखण्यात सरस ठरली आणि अभ्यासक्रम संपून काही महिने गेल्यावरही त्यातली मुख्य तत्त्वं त्यांना जास्त आठवत होती. आपल्या घसरगाडीसाठी ते एवढंच होईल: 'ऊर्जेचा हिशेब लावीन, कारण मला वेळ किंवा त्वरण नको, फक्त तळाचा वेग आणि माथ्यावरची स्थिती यांचा संबंध हवा. घर्षण आहे, म्हणून यांत्रिक ऊर्जा टिकत नाही, घर्षणाने केलेलं कार्य वजा करीन.' हे लिहू शकणाऱ्या मुलीला पुढची आकडेमोड चुकली तरी भौतिकशास्त्र येतं, आणि हे लिहू न शकणाऱ्याचं उत्तर बरोबर आलं तरी त्याची खात्री देता येत नाही.

साठ-सत्तर मुलांच्या वर्गात मिनेसोटाचा अख्खा डोलारा उभा करणं अवघड आहे. तिथेही लहान तुकड्या घेणारे सहायक तयार करावे लागत, आणि चांगलं संदर्भसमृद्ध गणित रचायला पुस्तकी गणितं निवडण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. फार अवघड झालं तर मुलं सोडून देतात, सोपं झालं तर पायऱ्या सोडतात. पण मॅसॅच्युसेट्सची तीन वाक्यं फुकट आहेत. शंकेखोराचं पदही फुकट आहे. प्रात्यक्षिकाला तीन-तीन जणांचे गट बसतात तिथे ते उद्याच देता येईल. सूत्रांची यादी छोटी करायलाही कोणाची परवानगी लागत नाही, निदान चाचणी परीक्षेपुरती. बोर्डाचा पेपर आहे तोच राहील आणि 'सूत्र: १ गुण' ही ओळही. वर्षअखेरीचं गुणदान असं असताना वर्षभर तत्त्वावर वाक्यं लिहून घेणाऱ्या शिक्षकाला पालकसभेत एकच प्रश्न येणार: "सर, याला मार्क किती?" त्या प्रश्नावर मिनेसोटाच्या लोकांनी स्वतःचा पेपर बदलून उत्तर दिलं होतं. आपल्या शिक्षकाच्या हातात तेवढी एक चाचणीच असते, आणि तिच्यात या वाक्यांना दोन गुण ठेवणं त्याला जमण्यासारखं आहे.